चित्रसंकेतातील जलचिन्ह

१. कागदावरील खूण

भारतीय चलनाची नोट उजेडासमोर धरली की तिच्या कोऱ्या दिसणाऱ्या भागात महात्मा गांधींची छायाकृती उमटते. ही आकृती शाईने छापलेली नसते. कागद अद्याप ओल्या लगद्याच्या अवस्थेत असताना त्याची जाडी कोठे किंचित कमी, तर कोठे किंचित अधिक ठेवून ती घडविलेली असते. म्हणून ती खरवडता येत नाही, पुसता येत नाही. ती काढून टाकावयाची तर कागदच नष्ट करावा लागतो. अशा खुणेस जलचिन्ह म्हणतात. इटलीतील फाब्रियानो येथील कागद-कारागीर तेराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती वापरू लागले. त्यांचा हेतू साधा होता. हा कागद कोणाच्या कारखान्यातला, हे कागदानेच सांगावे, एवढेच त्यांना हवे होते.

नाशिकच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत आणि नोटांचा जलचिन्हांकित कागद आज म्हैसूर येथेही तयार होतो. म्हैसूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या बंगळूर शहरात हाच जुना प्रश्न एका निराळ्या वस्तूविषयी विचारता येईल. जे चित्र कागदावर नाही, केवळ तारेतून वाहणाऱ्या विजेच्या रूपात आहे, त्याच्या अंगातच मालकाची खूण विणता येईल काय? आणि विणता आली, तर न्यायाच्या दारात तिला काय किंमत राहील?

२. बंगळूर आणि एक कल्पित उदाहरण

बंगळूर हे भारतीय इलेक्ट्रॉनिकीचे माहेरघर मानले जाते. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून निर्माण झालेली भारतीय विज्ञान संस्था तेथे १९०९ साली स्थापन झाली. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी उद्योग १९५४ साली तेथेच उभा राहिला. आकाशवाणी व दूरदर्शन यांना लागणारी प्रक्षेपणयंत्रे त्याने बनविली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ह्या अमेरिकन कंपनीने १९८५ साली तेथे आपले अभिकल्प केंद्र सुरू केले. हेच शहर कन्नड चित्रपटांचेही केंद्र आहे. यंत्रे घडविणारे आणि चित्रे निर्माण करणारे असे दोन्ही वर्ग येथे शेजारी शेजारी नांदतात.

समजा, बंगळूरमधील एका लहानशा चित्रणगृहाने १९९० च्या सुमारास रवींद्र कलाक्षेत्रात झालेल्या यक्षगानाच्या एका प्रयोगाचे चित्रण चुंबकीय फितीवर करून ठेवले आहे. त्यात काम केलेले ज्येष्ठ कलावंत आज हयात नाहीत. त्यांच्या पदन्यासाचे व वाणीचे एवढेच चित्रण उरले आहे. एक अभ्यासक फितीची प्रत मागतो; चित्रणगृहाचा मालक ती देतो. पुढे दोन वर्षांनी तेच चित्रण भलत्याच नावाने विकले जाऊ लागते. विकणारा म्हणतो, "हे माझेच आहे." दोघांच्याही हातात फीत आहे. दोन्ही फितींत चित्र तेच आहे. मग खरा मालक कोण, हे कसे ठरावे?

येथे कायद्याची स्थिती थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा, आणि म्हणून अशा चित्रणाचाही, कर्ता म्हणजे त्याचा निर्माता होय. हा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. हक्क मिळविण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी केली असल्यास ती सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. १९८४ च्या दुरुस्तीने चित्रफितीवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता देणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राच्या १९८१ च्या व कर्नाटकाच्या १९८५ च्या प्रतिबंधक कायद्यांच्या कक्षेतही पुढील दुरुस्त्यांनी चित्रफितींची चोरी आणण्यात आली. कायदे कडक आहेत, पण ते लागू होण्यापूर्वी "हे कोणाचे?" ह्या प्रश्नाचे उत्तर मिळावे लागते. वेष्टन फेकून देता येते. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे नाव कापता येते किंवा झाकता येते. म्हणून दृश्य खुणेहून अधिक खोल अशी खूण हवी.

३. चित्र तारेतून कसे जाते

अशी खूण कोठे ठेवावी हे कळण्यासाठी चित्रसंकेताची रचना ठाऊक असली पाहिजे. भारतीय दूरदर्शनने स्वीकारलेल्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पूर्ण चित्र ६२५ आडव्या रेषांत विभागलेले असते आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे पाठविली जातात. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत जाते. आधी एक सोडून एक रेषा, मग उरलेल्या रेषा. ह्या प्रत्येक हप्त्यास आपण अर्धचित्र म्हणू. म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रे होतात. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद लागतात. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालाखावा भाग.

ह्या ६४ मायक्रोसेकंदांपैकी सुमारे ५२ मायक्रोसेकंदच चित्रासाठी असतात. काळ्या रंगासाठी जो विद्युत्‌दाब ठरलेला असतो त्याच्या वर पांढऱ्या रंगासाठी ०.७ व्होल्ट, आणि मधल्या छटांसाठी मधले दाब. दाब छटेप्रमाणे अखंड चढतो-उतरतो, म्हणून अशा संकेतास सदृश अथवा ॲनलॉग संकेत म्हणतात. उरलेल्या १२ मायक्रोसेकंदांत दाब काही काळ काळ्याच्याही खाली ०.३ व्होल्ट उतरतो. ही खाच म्हणजे "नवी रेषा सुरू होत आहे" अशी ग्राहकयंत्राला दिलेली सूचना; तिला समकालन स्पंद म्हणतात. तिच्या पाठोपाठ रंगांची जुळणी करणाऱ्या लहरींचा एक लहानसा झुबका येतो. प्रत्येक अर्धचित्राच्या आरंभी सुमारे २५ रेषा चित्रावाचून जातात. त्या रेषांना लागणारा काळ १.६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागाच्या दीडपटीहून किंचित अधिक होय.

ही पद्धत आता प्रक्षेपणात जवळजवळ उरलेली नाही. देशातील केबल सेवा २०१७ पर्यंत अंकीय झाली आणि दूरदर्शनने २०२२ पर्यंत आपली बहुतेक सदृश प्रक्षेपणे बंद केली. तथापि गेल्या पिढीच्या असंख्य चुंबकीय फिती ह्याच पद्धतीच्या आहेत. पहाऱ्याचे काही कॅमेरे व छंदासाठी उडविली जाणारी लहान ड्रोन-विमाने यांत आजही सदृश चित्रसंकेत वापरतात, कारण त्यात चित्र पोहोचण्यास विलंब फार थोडा होतो. त्यामुळे हा विषय केवळ इतिहासाचा झालेला नाही.

४. खूण चित्राबाहेर की चित्रात?

पहिली सहज सुचणारी जागा म्हणजे चित्रावाचून जाणाऱ्या त्या २५ रेषा. त्या पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांत वाटेल ते लिहावे. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९७४ पासून अशा मोकळ्या रेषांतून बातम्यांची लिखित पाने पाठविली. परंतु मालकीच्या खुणेसाठी ही जागा कच्ची आहे. फितीचे चित्र संगणकात उतरविणारी बहुतेक यंत्रे ह्या रेषा वगळूनच पुढे जातात. जी खूण चोराने काही न करताही गळून पडते, ती काय कामाची?

म्हणून खूण प्रत्यक्ष चित्रातच असावी, आणि तरीही ती डोळ्याला दिसू नये. ह्या विचाराचा एक पूर्वज ध्वनीच्या क्षेत्रात सापडतो. अमेरिकेत व्यापारी जागांना संगीत पुरविणाऱ्या म्यूझॅक कंपनीच्या एमिल हेम्ब्रूक यांनी १९५४ साली एका पेटंटसाठी अर्ज केला; १९६१ साली ते मंजूर झाले. संगीतातील एका ठराविक स्वराचा अंश अधूनमधून गाळावयाचा आणि ह्या गाळण्या लघु-दीर्घ कालावधींच्या ठेवून तारयंत्राच्या सांकेतिक लिपीत मालकाची ओळख लिहावयाची, अशी ती योजना होती. श्रोत्याला काही जाणवत नसे. योग्य उपकरणाला मात्र ओळख वाचता येई.

पण एकाच जागी ठेवलेली खूण, जागा कळली की, काढूनही टाकता येते. पुढे संशोधकांनी उलट मार्ग धरला. खूण एका जागी ठळक न ठेवता ती हजारो जागी, प्रत्येक ठिकाणी अगदी फिकी, अशी पसरावयाची. कॉक्स, किलियन, लेटन व शमून यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधामुळे ही पद्धत चित्रांच्या क्षेत्रात रूढ झाली. इतकी फिकी खूण पुन्हा सापडते तरी कशी, हे समजण्यासाठी एक प्रयोग शाळेत सहज करून पाहता येईल.

५. ग्रंथालयातील एक प्रयोग

शाळेच्या ग्रंथालयातील कोणत्याही ४०० पुस्तकांचे दाखल-क्रमांक घ्यावेत आणि प्रत्येकाचा केवळ शेवटचा अंक लिहून काढावा. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला दहा अंक येतील. हे ४०० अंक म्हणजे आपले चित्र. आता प्रत्येक अंकासाठी नाणे उडवावे. छापा पडला तर अधिक, काटा पडला तर उणे, अशी ४०० चिन्हांची एक यादी तयार होईल. ही यादी म्हणजे आपली गुप्त किल्ली. ज्या अंकासमोर अधिक आहे त्यात १ मिळवावा. ज्याच्यासमोर उणे आहे त्यातून १ वजा करावा. ही झाली आपली खूण.

आता परीक्षा करू. ज्या अंकासमोर अधिक आहे तो जसाच्या तसा घ्यावा, उणे असलेल्याचे चिन्ह उलटवावे आणि सर्वांची बेरीज करावी. खूण नसलेल्या मूळ अंकांची अशी बेरीज केली असता अधिक-उणे परस्परांना बरेचसे खोडून काढतात. उत्तर शून्याच्या आसपास, सामान्यतः शे-सव्वाशेच्या आत येते. खूण असलेल्या अंकांची बेरीज मात्र ह्याहून बरोबर ४०० ने अधिक येते, कारण प्रत्येक ठिकाणी आपण मिळविलेला एक त्याच चिन्हाने मोजला जातो. खुणा परस्परांना खोडत नाहीत, त्या एकत्र साचतात. दुसऱ्या कोणी निराळे नाणे उडवून केलेल्या यादीने परीक्षा केली, तर उत्तर पुन्हा शून्याच्या आसपासच येईल.

ह्या प्रयोगात संपूर्ण तत्त्व आले. खुणांची बेरीज जागांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. चित्राच्या स्वतःच्या चढउतारांची बेरीज मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढते. जागा चौपट केल्या तर खूण चौपट होते आणि चित्राचा गोंगाट केवळ दुप्पट होतो. म्हणून जागा पुरेशा असतील तर कितीही फिकी खूण अखेर गोंगाटातून वर येते. ह्या तुलनेस सहसंबंध काढणे असे म्हणतात.

६. सूक्ष्मनियंत्रकाचे काम

हे काम चित्रसंकेतावर करण्यासाठी मोठ्या संगणकाची गरज नाही. सूक्ष्मनियंत्रक, ज्याला व्यवहारात मायक्रोकंट्रोलर म्हणतात, तो पुरेसा आहे. धुलाईयंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, खेळण्यांतही बसविलेला हा एकाच चकतीवरील लहानसा संगणक असतो. तो चित्र वाचू शकत नाही. एवढ्या जलद बदलणारा दाब मोजणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण येथे त्याने चित्र वाचावयाचेच नाही. चित्र आपल्या वाटेने तारेतून जात राहते. सूक्ष्मनियंत्रकाने ठरलेल्या क्षणी त्यात चिमूटभर दाब घालावयाचा, एवढेच.

फीत वाजविणारे यंत्र आणि प्रत करणारे यंत्र यांच्यामधील तारेवर हे उपकरण बसते. प्रथम एलएम १८८१ सारखी एखादी संकलित चकती संकेतातील समकालन स्पंद वेगळे काढते आणि नवी रेषा, नवे अर्धचित्र कधी सुरू झाले हे सूक्ष्मनियंत्रकाला कळविते. त्याचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देत असेल, तर एका रेषेच्या ६४ मायक्रोसेकंदांत १,०२४ ठोके बसतात. चित्राच्या ५२ मायक्रोसेकंदांचे २ मायक्रोसेकंदांचा एक असे २६ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यासाठी ३२ ठोके मिळतात. तेवढ्या वेळात यादीतील पुढचे चिन्ह पाहून आपली एक तार ५ व्होल्टवर न्यावी की शून्यावर, हा निर्णय सहज होतो.

ही तार चित्राच्या तारेला थेट जोडली तर चित्रच नष्ट होईल. म्हणून मध्ये ५६ हजार ओहमचा रोधक घालतात. चित्राच्या तारेच्या दोन्ही टोकांना ७५ ओहमचा रोध असतो. दोन्ही मिळून परिणामी रोध ३७.५ ओहम होतो. ५ व्होल्टना ३७.५ ने गुणून ५६ हजारांनी भागले असता सुमारे ३.३ मिलिव्होल्ट येतात. पांढऱ्या छटेच्या ७०० मिलिव्होल्टांशी तुलना करता हे अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. सरासरीच्या वर सुमारे १.७ व खाली १.७ मिलिव्होल्ट अशी ही खूण, दर अर्धचित्रात बदलत राहिल्यामुळे, डोळ्याला जाणवत नाही. एक लहान धारित्र जोडून तिच्या कडा बोथट केल्या की रंगलहरींनाही उपद्रव होत नाही. मात्र समकालन स्पंदाच्या व रंगझुबक्याच्या काळात ह्या तारेने स्वस्थ राहिलेच पाहिजे. अन्यथा चित्र डळमळू लागेल.

चिन्हांची यादी कोठून आणावयाची? नाणे उडवीत बसणे शक्य नाही. म्हणून सूक्ष्मनियंत्रकात एक गुप्त संख्या ठेवतात आणि ठरलेल्या गणिती क्रियेने तिच्यापासून चिन्हांची लांबलचक मालिका निर्माण करतात. पाहणाऱ्याला ती यादृच्छिक वाटते. गुप्त संख्या जाणणाऱ्याला मात्र ती जशीच्या तशी पुन्हा घडविता येते. प्रत्येक अर्धचित्राच्या आरंभीच्या १.६ मिलिसेकंदांच्या उसंतीत २५,६०० ठोके मिळतात. तेवढ्यात पुढच्या अर्धचित्राचे बीज त्या गुप्त संख्येपासून तयार करता येते.

आता हिशेब करू. एका अर्धचित्रातील २८८ रेषा व प्रत्येकीत २६ तुकडे धरले तर ७,४८८ जागा होतात; सेकंदाच्या ५० अर्धचित्रांत ३,७४,४०० जागा. चित्राचा स्वतःचा दाब सरासरीपासून सामान्यतः १०० मिलिव्होल्ट इकडेतिकडे होतो असे मानू. एकाच अर्धचित्रात खूण गोंगाटाच्या दीडपटही होत नाही. ती आहे की नाही हे सांगता येणार नाही. पण एका सेकंदात तेच गुणोत्तर दहावर जाते. मालिका दर सेकंदाला एकदा सरळ किंवा एकदा उलटी वापरून त्या सेकंदात एक द्विमान अंक लिहिता येतो. अशा रीतीने ३२ सेकंदांत ३२ अंकांचा एक क्रमांक, म्हणजे मालकाचा वा त्या प्रतीचा क्रमांक, चित्रात विणला जातो.

७. खुणेवरील आघात

फितीची प्रत करताना बारकावे नाहीसे होतात. पण २ मायक्रोसेकंदांचा तुकडा पडद्याच्या रुंदीच्या सव्विसाव्या भागाएवढा असल्याने तो टिकतो. जुन्या फितीवर रेषा थोड्या मागेपुढे सरकतात. पण प्रत्येक रेषेचा आरंभ तिच्या स्वतःच्या स्पंदापासून मोजल्यामुळे चूक साचत नाही. संगणकीय संपीडनाने खुणेचा बराच अंश पुसला जातो. तिच्या दहा भागांपैकी नऊ भाग नष्ट झाले, तर एका सेकंदात मिळणारे दहाचे गुणोत्तर एकवर येते. मग एका सेकंदाऐवजी १०० सेकंद तपासावे लागतात. कारण शंभराचे वर्गमूळ दहा. यक्षगानाचा प्रयोग तर तासन् तास चालतो. चित्रण जितके लांब, तितकी ही खूण चिवट.

तथापि ती अमर नव्हे. पडद्याचे चित्रण तिरक्या कोनातून भ्रमणध्वनीने केले, चित्र वाकवले, ताणले किंवा दोन अर्धचित्रे एकमेकांत मिसळली, तर तुकड्यांच्या जागाच हरवतात. परीक्षकाला प्रथम चित्र सरळ करून जागांची जुळणी शोधावी लागते आणि कधी ती सापडतही नाही. खूण सापडली नाही, म्हणून चित्र त्या मालकाचे नाही, असे अनुमान कधीही काढता येत नाही.

८. खूण सापडली, पुरावा झाला काय?

येथवर प्रश्न यंत्रविद्येचा होता. यापुढील प्रश्न अधिक कठीण आहे आणि पुष्कळ वेळा त्याकडे दुर्लक्ष होते. न्यायालयासमोर चित्रणगृहाचा मालक म्हणतो, "ह्या प्रतीत माझी खूण आहे." प्रतिपक्षही एक संख्या पुढे करतो आणि म्हणतो, "माझीही आहे." तपासून पाहता दोन्ही खुणा खरोखरच सापडतात. हे कसे घडले?

पहिली शक्यता अशी, की चोराने मिळालेल्या प्रतीवर आपली खूण वरून चढविली. हा पेच सुटण्यासारखा आहे. चित्रणगृहाकडील मूळ फीत खूण चढविण्यापूर्वीची असल्याने तिच्यात कोणाचीच खूण नाही. चोराच्या तथाकथित मूळ फितीत मात्र चित्रणगृहाची खूण आहे. जिच्यात दुसऱ्याची खूण आधीच आहे ती फीत मूळ असूच शकत नाही. म्हणून खूण नेहमी प्रतीवरच चढवावी आणि मूळ फीत अस्पर्श ठेवावी.

दुसरी शक्यता अधिक धूर्तपणाची आहे. क्रेव्हर, मेमन, येओ व येउंग यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ती दाखवून दिली. चोर काहीच चढवीत नाही. तो चित्राकडे पाहून, चित्राशी मुळातच जुळेल अशी चिन्हांची यादी बनवितो, ती चित्रातून वजा करतो आणि उरलेल्या चित्रास आपली मूळ प्रत म्हणतो. आता त्याची यादी सर्व प्रतींत, अगदी खऱ्या मालकाच्या मूळ फितीतही, सापडते. दोन्ही बाजू सारख्याच बलवान दिसू लागतात.

ह्यावर उपाय असा, की यादी स्वैरपणे निवडण्याची मोकळीक कोणालाच नसावी. यादी एका गुप्त संख्येपासून जाहीर व एकेरी रीतीनेच निघाली पाहिजे. एकेरी म्हणजे संख्येपासून यादी सहज निघते, पण हव्या त्या यादीपासून संख्येकडे मागे जाता येत नाही. मग चोराला संख्या एकेक करून चाचपून पाहणे एवढेच उरते. ती संख्या ३२ द्विमान अंकांची असेल तर सुमारे ४२९ कोटी शक्यता होतात. सहाचे गुणोत्तर योगायोगाने मिळण्याचा संभव सुमारे १०० कोटींत एक असतो. म्हणजे सर्व संख्या चाचपणाऱ्यास अशा तीन-चार संख्या केवळ नशिबाने सापडतील. म्हणून संख्या १२८ द्विमान अंकांची असावी. तेवढ्या शक्यता मोजण्यास ३९ अंकी संख्या लागते आणि त्या चाचपणे कोणालाही शक्य नाही. शिवाय पुराव्याची पायरी सहापेक्षा बरीच वर, दहा किंवा अधिक गुणोत्तरावर ठेवावी.

९. नोंदवहीचे महत्त्व

एवढे करूनही एक गोष्ट उरते. खूण फार तर असे सांगते, की ही गुप्त संख्या जाणणाऱ्या कोणीतरी हे चित्र एके काळी हाताळले. ते केव्हा, हे ती सांगत नाही. त्याला तो हक्क होता किंवा नाही, हेही सांगत नाही. त्यासाठी चित्राबाहेरची साक्ष लागते. प्रत हातावेगळी करण्यापूर्वी गुप्त संख्या मोहोरबंद करून तिऱ्हाइताकडे ठेवली असावी, किंवा तिचा गणिती ठसा तारखेसह नोंदविलेला असावा. असा ठसा संख्येपासून काढता येतो, पण ठशावरून संख्या ओळखता येत नाही. त्यामुळे गुपित न फोडताही तारीख सिद्ध होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात अशा ठशाचा उल्लेख करावा लागतो. मूळ फीत, प्रयोगाच्या दिवशीचे करारपत्र, कलावंतांची संमती हे कागदही जपले पाहिजेत. १९९४ च्या दुरुस्तीपासून कलावंतांनाही स्वतःच्या प्रयोगावर हक्क मिळाले आहेत.

नोंदवहीची किंमत २००४ साली अमेरिकेत दिसून आली. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या सभासदांना परीक्षणासाठी पाठविलेल्या चित्रपटांच्या प्रती बाहेर फुटल्या. प्रत्येक प्रतीत निराळी अदृश्य खूण होती आणि कोणती प्रत कोणाला दिली, याची यादी ठेवलेली होती. त्यावरून फुटलेल्या प्रती एका सभासदाच्या असल्याचे निष्पन्न झाले आणि संस्थेने त्याचे सभासदत्व काढून घेतले. यादी नसती तर ती खूण म्हणजे केवळ एक निरर्थक आकडा ठरली असती.

आपल्या कायद्यातील एक बारकावा येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड यांस पात्र असा गुन्हा ठरला. मालकाचे नाव किंवा ते दर्शविणारा क्रमांक ह्या व्याख्येत येतो. परंतु चित्र पाहणाऱ्याची ओळख पटविण्यासाठी योजलेले साधन त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. म्हणून मालकाचा क्रमांक आणि प्रतीचा क्रमांक हे दोन्ही एकाच रीतीने विणलेले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते एक नव्हेत.

जलचिन्ह चोरी थांबवीत नाही. चित्र उतरवून घेण्यास ते अडथळा करीत नाही, की पाहणाऱ्यास काही जाणवू देत नाही. ते केवळ साक्ष देते. आणि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे त्याच्या शब्दाचे वजन तो कोणाच्या ओळखीचा व केव्हापासूनचा, ह्यावर ठरते. फाब्रियानोच्या कागदावरील खूण कारखान्याची म्हणून ओळखली गेली, ती ती खूण कोणाची हे लोकांना आधी ठाऊक होते म्हणून. बंगळूरच्या चित्रणगृहाने सूक्ष्मनियंत्रक, रोधक व धारित्र यांवर केलेला अल्प खर्च सार्थकी लागावयाचा असेल, तर त्याच्या कपाटात अस्पर्श मूळ फीत, शेजारी प्रतींची तारीखवार नोंदवही आणि तिऱ्हाइताकडे मोहोरबंद पाकीट असावयास हवे. मग पंधरा-वीस वर्षांनीही, सहज हाती आलेल्या एखाद्या प्रतीतून शंभर सेकंदांचे चित्र निवडून, त्या कलावंतांचा तो प्रयोग कोणी जतन केला होता, हे दाखवून देता येईल.